कोपराने उघडायचा नळ

१ जून २०२४ या दिवशी जपानच्या खेड्यापाड्यांतल्या कित्येक बायकांचा धंदा एका रात्रीत बेकायदा ठरला. त्यांनी नवं काहीच केलं नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत करत होत्या तेच पुढे चालू ठेवलं असतं, तर गुन्हा झाला असता. करत काय होत्या, तर घरी लोणचं घालून गावातल्या दुकानात विकायला ठेवत होत्या.

२०१८ साली जपानच्या संसदेने अन्न स्वच्छता कायदा बदलला. बदललेला परवाना-विभाग १ जून २०२१ पासून लागू झाला. जुन्या उत्पादकांना तीन वर्षांची सवलत मिळाली, ती ३१ मे २०२४ ला संपली. आता लोणचं विकायचं तर सरकारी परवाना लागतो. परवान्यासाठी घरच्या स्वयंपाकघरापासून वेगळी खोली लागते, पाणी मारून धुता येईल अशी जमीन लागते, भाज्या धुवायला एक आणि हात धुवायला दुसरं अशी वेगवेगळी सिंकं लागतात. आणि हात धुवायच्या सिंकावर असा नळ लागतो, की तो बंद करताना धुतलेली बोटं पुन्हा तोटीला लागणार नाहीत. म्हणजे कोपराने ढकलायचा दांड्याचा नळ, नाहीतर हात पुढे केला की आपोआप वाहणारा सेन्सरचा.

नळाला माझा विरोध नाही. कायद्यालाही नाही. पण त्या कायद्याने जी रेघ ओढली ती चुकीच्या जागी ओढली, आणि तिचा सगळ्यात मोठा फटका योकोतेसारख्या शहराला बसला, हे म्हणायला भरपूर जागा आहे.

योकोते हे ईशान्य जपानमधल्या अकिता प्रांताचं, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसलेलं शहर. बाहेरच्या लोकांना ते दोन गोष्टींमुळे माहीत असतं. एक, फेब्रुवारीत तिथे बर्फाच्या घुमट्या उभ्या राहतात. त्यांना कामाकुरा म्हणतात. आत पाण्याच्या देवतेचं ठाणं असतं आणि मुलं येणाऱ्याजाणाऱ्यांना गरम आमाझाके, म्हणजे तांदळाचं गोड पेय, आणि भाजलेले मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, देतात. दुसरी गोष्ट योकोते याकिसोबा. परतलेले नूडल्स, वर एका बाजूने तळलेलं अंडं, कडेला लालसर लोणच्याची चिमूट. स्वस्तातल्या स्थानिक खाण्याची बी-वन ग्रां प्री नावाची देशपातळीवरची स्पर्धा आहे. २००९ मध्ये ती योकोतेतच भरली आणि योकोते याकिसोबानेच जिंकली. पर्यटन खात्याला आणखी काय हवं? या दोन्ही गोष्टींची काळजी करायचं कारण नाही. त्यांच्यामागे शहर आहे, दुकानदार आहेत, छापील पत्रकं आहेत.

तिसरी गोष्ट मात्र घरांच्या मागच्या अंगाला होते. इबुरिगाक्को. म्हणजे धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं.

तेल, मोहरी, तिखट यांतलं यात काही नसतं, त्यामुळे मराठी माणसाने लोणच्याची आपली कल्पना जरा बाजूला ठेवावी. जपानमध्ये मुळ्याचं ताकुआन नावाचं लोणचं सगळीकडे होतं. त्यासाठी लांब पांढरे मुळे आधी उन्हावाऱ्यात टांगून सुकवतात, ते पार वाकेपर्यंत, आणि मग तांदळाच्या कोंड्यात आणि मिठात दाबतात. अकितात ही पहिलीच पायरी जमत नाही. मुळा तयार होतो तो ऑक्टोबरच्या अखेरीस, आणि त्या सुमारास खोऱ्यावर जे मळभ येतं ते जायचं नाव घेत नाही. पाठोपाठ बर्फ. टांगलेला मुळा सुकायच्या आधी गोठतो. म्हणून घरातल्या इरोरीच्या, म्हणजे जमिनीत खोदलेल्या चुलीच्या, वर आढ्याला मुळे टांगले गेले. ऊब आणि धूर यांनी ते सुकले आणि बाहेरून तपकिरी झाले. पुढे घरं बदलली, इरोरी गेली, तेव्हा धुरीसाठी वेगळी खोपटी बांधली गेली. चेरी किंवा ओक जातीची लाकडं, सुंभात ओवलेल्या मुळ्यांच्या माळा, आणि दिवसरात्र जागता ठेवायचा मंद जाळ. जाळ मोठा झाला तर मुळा भाजतो, विझला तर आंबट वास धरतो. खालच्या माळा वर आणि वरच्या खाली करत राहावं लागतं. दोन दिवस, तीन दिवस, कोणी चार. मग मुळे धुवायचे, कोंडा, मीठ आणि थोडी साखर यांच्या थरांत पिंपात रचायचे, वर दगड ठेवायचा आणि वाट पाहायची. निदान चाळीस दिवस.

कापलेली चकती बाहेरून गडद, आत फिकट पिवळी. दाताखाली जोरात वाजते. धुराचा वास आधी, खारटपणा नंतर, आणि शेवटी मुळ्याची स्वतःची गोडी.

या सगळ्याचं माहेर म्हणजे सान्नाई. २००५ पर्यंत ते स्वतंत्र गाव होतं, मग आजूबाजूच्या गावांबरोबर ते योकोते शहरात विलीन झालं. सान्नाईचे पुरुष हिवाळा लागला की साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवण्याच्या कारखान्यांत कामाला जात. सान्नाई तोजी या नावाने ते मद्यकारागीर म्हणून ओळखले जातात. मागे राहणाऱ्या बायका, म्हातारी माणसं, पिंपं आणि बर्फ. अशा ठिकाणी घरागणिक लोणच्याची चव वेगळी असणारच. कोणाचं गोडसर, कोणाचं करकरीत, कोणाच्या कोंड्यात करडईच्या पाकळ्या. सान्नाईत तर २००७ पासून याची स्पर्धाच भरते, ऑलिम्पिकच्या नावावर कोटी करून तिचं नाव ठेवलंय इबुरिन्पिक. घरोघरचे नमुने मांडून त्यांत उत्तम कुठला ते ठरवायचं, एवढीच स्पर्धा. पण ती भरवावीशी वाटते याचाच अर्थ दोन घरांची चव एक नसते.

वर्षानुवर्षं हे लोणचं विकलं जायचं ते मिची नो एकीत, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यांवरच्या दुकानांत, आणि शेतकऱ्यांच्या थेट विक्रीच्या दुकानांत. पिशवीवर करणाऱ्याचं नाव. गिऱ्हाईक अमक्या आजीचंच हवं म्हणून शोधत यायचं. त्या कमाईवर कोणाचं घर चालत नव्हतं. पण पेन्शनीला जोड होती, आणि बर्फाच्या चार महिन्यांत हाताला काम होतं.

आता कायदा का आला ते पाहू, कारण ते टाळून वारशाच्या गप्पा मारणं अप्रामाणिक होईल.

ऑगस्ट २०१२ मध्ये होक्काइदोत, साप्पोरो आणि आसपासच्या भागात, चिनी कोबीच्या हलक्या लोणच्यातून ओ-१५७ या जिवाणूची लागण पसरली. १६९ जण आजारी पडले आणि ८ जण दगावले. त्यांतले बहुतेक वृद्धाश्रमांत राहणारे होते. ज्या देशात माणसं कच्चे मासे निर्धास्त खातात, तिथे कोबीच्या लोणच्याने आठ माणसं जावीत हा धक्का मोठा होता. तोवर लोणचं बनवण्याला राष्ट्रीय पातळीवर परवानाच लागत नव्हता. स्थानिक पातळीवर काय ती नोंद किंवा नियम. ही फट बुजवणं सरकारचं कर्तव्यच होतं, आणि सरकारने ती बुजवली.

पण बुजवताना काय केलं? साप्पोरोचं ते लोणचं आसाझुके प्रकारचं होतं. भाजी चिरायची, थोड्या मिठात किंवा मसाल्याच्या पाण्यात काही तास, फार तर दोन-तीन दिवस ठेवायची, आणि थंड कपाटातून विकायची. ते जवळपास कोशिंबीरच असतं. त्यात मीठ कमी, आंबवणी नाही, आम्लता नाही. कच्च्या भाजीवर जिवाणू आला असेल तर त्याला मारणारं त्या पिशवीत काहीच नसतं. म्हणून तिथे सगळी भिस्त भाजी धुण्यावर आणि निर्जंतुक करण्यावर. आणि हे लोणचं कोणा आजीच्या पडवीत तयार झालं नव्हतं. ते कारखान्यात तयार झालं होतं, मोठ्या प्रमाणावर, आणि म्हणूनच एकाच वेळी इतक्या लोकांच्या ताटात गेलं.

इबुरिगाक्कोची घडण याच्या उलट आहे. मुळ्यातलं पाणी आधी धुरीत उडतं. धुरातली द्रव्यं वरच्या थरावर बसतात. मग कोंडा, मीठ, आणि निदान चाळीस दिवसांची थंडीतली आंबवणी, ज्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं. प्रत्येक पायरी जिवाणूला नकोशी. ही पद्धत ठरली तेव्हा कोणाला जिवाणू माहीत नव्हते, पण हिवाळाभर टिकायला हवं हे माहीत होतं, आणि टिकण्यासाठी जे लागतं त्यातलं बरंचसं तेच सुरक्षित असण्यासाठीही लागतं.

कायद्याने मात्र दोघांना एका चौकटीत बसवलं. लोणचं म्हणजे लोणचं, बनवायला परवाना. जिथे धोका पदार्थाच्या कृतीत आहे तिथे कायदा खोली मोजतो: जमीन कसली, भिंत कसली, सिंकं किती, नळ कसला. खोली मोजायला सोपी असते, फूटपट्टी लावता येते. पिंपातल्या मिठाचं प्रमाण आणि आम्लता मोजायची तर तपासनीसाला लोणचं कळावं लागतं, वारंवार यावं लागतं, नमुने न्यावे लागतात. सरकारी यंत्रणा सोपं ते निवडते. यात दुष्टपणा नाही, पण त्याची किंमत कोण भरतं ते विचारायला हवं.

किंमत भरली लहानांनी. कारखान्याकडे वेगळी खोली आधीपासून होती. नव्या नियमांसाठी त्याला कागद भरावे लागले. सत्तरी ओलांडलेल्या बाईला मात्र गोदामाची जमीन फोडून पुन्हा घालायची, नळजोडणी करायची, सिंकं बसवायची, आणि तेही वर्षातून तीन महिने चालणाऱ्या धंद्यासाठी. अकिता हा जपानमधला सगळ्यात म्हातारा प्रांत. २०२० च्या जनगणनेत तिथले ३७ टक्क्यांहून जास्त लोक ६५ वर्षांवरचे होते. ऐंशीच्या उंबरठ्यावर माणूस दहा वर्षांत फिटणारा खर्च करत नाही. तो हात झटकतो आणि म्हणतो, पुरे झालं आता. तसंच झालं. कित्येकांनी सवलतीची मुदत संपायच्या आतच पिंपं उपडी केली.

यावर एक उत्तर तयार असतं: ही माणसं तशीही थकलीच होती, पाच-दहा वर्षांत थांबलीच असती, कायद्याने फक्त तारीख ठरवली. या युक्तिवादात तथ्य आहे, म्हणूनच तो धोकादायक आहे. ती पाच-दहा वर्षंच तर महत्त्वाची होती. शहरातून परत आलेली सून, निवृत्त झालेला मुलगा, शेजारच्या गावात जमीन घेतलेलं तरुण जोडपं, यांनी शिकायचं ते याच काळात. धुरी कशी द्यायची हे लिहून ठेवता येतं, त्याच्या चित्रफिती निघतात. पण जाळ आज किती ठेवायचा हे हवेवर, मुळ्यातल्या पाण्यावर, लाकडाच्या ओलसरपणावर ठरतं. ते दोन-तीन हिवाळे जवळ बसून कळतं. शिवाय नव्याने येणारा माणूस पहिल्या वर्षी शंभर मुळे घालून पाहतो, थोडे विकतो, जमतंय का बघतो. परवान्याच्या खोलीचा खर्च त्या शंभर मुळ्यांतून निघत नाही. म्हणजे म्हाताऱ्यांना बाहेर काढणारा कायदा तरुणांनाही दारातच थांबवतो.

दुसऱ्या बाजूने एक सावधगिरीची सूचनाही द्यायला हवी. वारसा म्हटलं की आपण हात जोडतो. अकिताच्या लोणच्याला हात जोडण्याआधी तिथल्या दवाखान्यांकडे पाहावं. युद्धानंतरच्या दशकांत अकिता पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंसाठी जपानभर कुप्रसिद्ध होतं. १९५० च्या दशकात उत्तर जपानच्या ग्रामीण भागात माणशी रोजचं मीठ २५ ग्रॅमच्या आसपास जात होतं. जागतिक आरोग्य संघटना आज ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. भात, मिसो सूप, लोणचं, खारवलेली मासळी, आणि चहाबरोबर पुन्हा लोणचं. अकितात चहाबरोबर बिस्किट नाही, गाक्को, म्हणजे लोणचं, समोर येतं. हे मीठ कमी करायला प्रांताने अनेक वर्षं मोहीम चालवली आणि बरंच यश मिळवलं. तेव्हा परंपरेचं म्हणून सगळं जसंच्या तसं ठेवा, असं मी म्हणणार नाही. गंमत अशी की मीठ कमी केलं की लोणचं शरीराला बरं होतं आणि जिवाणूलाही बरं वाटतं. आजचं कमी मिठाचं, हवाबंद पिशवीतलं इबुरिगाक्को हे पणजीच्या पिंपातल्यापेक्षा जास्त जपून हाताळावं लागतं. म्हणजे देखरेख हवीच. माझं म्हणणं एवढंच की ती मिठाच्या, आम्लाच्या आणि तापमानाच्या आकड्यांवर असावी. तसा आकडा आजींना सांगितला तर त्या पाळतील. गोदाम पाडून बांधायला सांगितलं तर नाही पाळणार.

बायकांच्या श्रमांचं काय, हाही प्रश्न आहे. बर्फाळ पाण्यात शेकडो मुळे धुणं, ओली लाकडं ओढणं, रात्री उठून जाळ पाहणं. हे काम एका पिढीने केलं म्हणून पुढचीने करावंच असा हट्ट धरणारे बहुधा स्वतः कधी मुळा धुवत नाहीत. ज्यांना सोडायचंय त्यांनी खुशाल सोडावं. पण इथे प्रश्न सोडण्याचा नव्हता. पैसे मिळत होते, नाव मिळत होतं, करायची इच्छा होती, आणि तरी थांबावं लागलं, असं ज्यांचं झालं त्यांचा आहे.

आता मला खरोखर खटकतं ते सांगतो. डिसेंबर २०१३ मध्ये युनेस्कोने वाशोकु, म्हणजे जपानी पारंपरिक खाद्यसंस्कृती, मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. जपान सरकारने त्यासाठी केलेल्या अर्जात हंगाम, स्थानिक जिन्नस, पिढ्यांचं नातं, सगळं होतं. वाशोकुच्या जेवणाचा साचा काय? भात, सूप, भाजी किंवा मासा, आणि लोणचं. लोणच्याशिवाय ते ताट पुरं होत नाही. २०१९ च्या मे महिन्यात इबुरिगाक्कोला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे अकिताबाहेर बनलेल्याला हे नाव लावायची बंदी. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच देशाच्या संसदेने लोणच्याला परवाना लावणारा कायदा केला होता. एका खात्याने नावाला कुंपण घातलं, दुसऱ्याने त्या कुंपणाच्या आत राहणाऱ्यांना घराबाहेर काढलं. दोघांनीही आपापलं काम नियमाप्रमाणे केलं. शेती खातं आणि आरोग्य खातं यांची तोंडं दोन दिशांना असणं ही काही फक्त जपानची खासियत नाही, पण जपानसारख्या काटेकोर देशात ती जास्त डोळ्यात भरते.

मानांकनाबद्दलही माझी एक शंका आहे. मानांकनाला व्याख्या लागते: इतके दिवस धुरी, इतके दिवस मुरणं, असा रंग, असा वास. नक्कल रोखायला ती बरी. पण व्याख्येबरोबर मधली चव पक्की होते आणि कडेच्या चवी गळतात. टोकियोतल्या इझाकायांत, म्हणजे खाण्यापिण्याच्या गुत्त्यांत, आज इबुरिगाक्कोवर क्रीम चीज ठेवून देतात. बिअरबरोबर ते झकास लागतं, आणि त्यामुळे मागणी वाढली हे खरं आहे. ती मागणी पुरवायला एकसारखा, वर्षभर मिळणारा माल लागतो. तो कारखान्यातून येतो. त्यात वाईट काही नाही. किंबहुना इबुरिगाक्को हे नावच १९६० च्या दशकात शेजारच्या युझावा शहरातल्या एका लोणचं कंपनीने बाजारात आणलं. त्याआधी घरात ते नुसतं लोणचंच होतं. कंपन्यांनी हा पदार्थ मोठा केला, हे मान्य करायला हवं. पण कंपन्या जी चव विकतात तिचं मूळ घरांतल्या पिंपांत होतं, आणि नवी चव शोधायला त्यांना पुन्हा तिथेच यावं लागतं. ती पिंपं रिकामी झाली की कारखाना आपल्याच गेल्या वर्षीच्या चवीची नक्कल करत बसेल.

तरी इबुरिगाक्को जगेल. त्याला नाव आहे, गिऱ्हाईक आहे. मला जास्त चिंता वाटते ती त्याच्या धाकट्या भावंडांची. योकोतेच्या खोऱ्यात वांग्याची हानाझुशी करतात: लहान वांगी खारवून त्यांत चिकट भात भरायचा, वर शेवंतीची पिवळी फुलं आणि मिरचीचं गोल कापलेलं चक्र, मग थर लावून मुरवायचं. ताटलीत ठेवलं की बाग वाटावी. मुळ्याचंच नाताझुके आहे: सुरीऐवजी कोयत्याने वेडेवाकडे छाटलेले तुकडे कोजीत, म्हणजे खास बुरशी चढवलेल्या तांदळात, मुरवायचे, म्हणजे खडबडीत कडांतून रस लवकर आत जातो. यांना ना मानांकन, ना टोकियोत मागणी. हे पदार्थ कोणी नुसतेच विकत नाही. मिची नो एकीतल्या टेबलावर इबुरिगाक्कोच्या शेजारी चार पिशव्या याच्या, दोन त्याच्या, अशा असायच्या. मुख्य माल गेला की शेजारचा आपोआप गेला. परवान्याच्या आकडेवारीत ही नावं कुठेच येणार नाहीत, कारण लोणचं या एकाच रकान्यात सगळी बसतात.

बियाण्याचंही तसंच. योकोतेच्या ओमोनोगावा भागातला नुमायामा मुळा जवळजवळ नाहीसा झाला होता, मग काही शेतकऱ्यांनी तो पुन्हा लावायला घेतला. असा जुना वाण बाजाराच्या मुळ्यापेक्षा कमी पिकतो आणि एकसारखा येत नाही. तो लावायचा तर त्याची खासियत चाखणारं, चार पैसे जास्त देणारं गिऱ्हाईक हवं, आणि थोडाच माल वेगळा घालून पाहायला तयार असणारं माणूस हवं. कारखान्याला दोनशे किलोची खेप परवडत नाही. आजीला परवडते.

अकिता प्रांताने आणि योकोतेसारख्या शहरांनी हातावर हात ठेवले नव्हते, हेही सांगायला हवं. खोली सुधारायला, सामान घ्यायला अनुदानं दिली. काही ठिकाणी अनेक उत्पादकांनी मिळून एक परवानाधारक खोली वापरायचा मार्ग काढला. हा उपाय कागदावर मला फार आवडला होता. प्रत्यक्षात त्याला मर्यादा आहेत. मुळे सगळ्यांचे एकाच पंधरवड्यात तयार होतात, म्हणून सामायिक खोलीला त्याच पंधरवड्यात रांग लागते आणि उरलेलं वर्ष ती रिकामी. बर्फात ऐंशी वर्षांच्या बाईने पिंपं गाडीत घालून पाच किलोमीटरवर न्यायची. आणि प्रत्येक घराच्या पिंपात, लाकडात, हवेत जे सूक्ष्मजीव वर्षानुवर्षं नांदतात, ज्यांनी त्या घराची चव घडते, ते स्टीलच्या सामायिक टाकीत तसे राहत नाहीत. तरी ज्यांना गाडी आहे आणि वय आहे त्यांच्यासाठी हा मार्ग चांगलाच आहे. अनुदानाचं म्हणाल तर त्यातही काही भार उत्पादकावरच राहतो, आणि उरलेल्या आयुष्याचा हिशेब अनुदानाने बदलत नाही.

दुसऱ्या देशांनी हा गुंता वेगळ्या पद्धतीने सोडवलाय. युरोपीय संघाचे अन्न स्वच्छतेचे नियम जपानइतकेच कडक आहेत, पण त्यांतच पारंपरिक पदार्थांसाठी सवलतीची तरतूद आहे. गुहेच्या दगडी भिंतींवर चीज पिकवायचं असेल, लाकडी फळी वापरायची असेल, तर सदस्य देश ती मुभा देऊ शकतात. भिंत गुळगुळीत नसली तरी चालते, कारण त्या भिंतीवरची बुरशीच ते चीज घडवते. भारतातही, निदान कागदावर, पायऱ्या आहेत. मोठ्याला परवाना, आणि घरगुती पापड-लोणचं विकणाऱ्या छोट्याला साधी नोंदणी आणि स्वच्छतेचे प्राथमिक नियम. आपल्या बचत गटांतल्या बायकांना ती नोंदणी करतानाही किती फेऱ्या पडतात, आणि नोंदणीनंतर कोणी कधी तपासायला येतं का, हे वेगळं सांगायला नको. आपलं उदाहरण जपानने गिरवावं असं मी सुचवत नाही. पण लहान आणि मोठा यांत फरक करण्याचं तत्त्व दोन्हीकडे कायद्यात आहे.

जपानच्या कायद्यातही नोंदणीची खालची पायरी आहेच. कमी धोक्याच्या व्यवसायांना नुसती सूचना देऊन भागतं. लोणच्याला मात्र सरसकट वरच्या पायरीवर बसवलं. आसाझुके वर आणि निदान चाळीस दिवस मुरलेलं, ठरावीक मीठ आणि आम्लता असलेलं लोणचं खाली, एवढा फरक करायला कायदा मोडावा लागत नाही. सूचना देणाऱ्या घरगुती उत्पादकाने हंगामात दोनदा नमुना तपासून घ्यावा, पिशवीवर घालायची तारीख आणि मिठाचं प्रमाण छापावं, एका हंगामात ठरावीक किलोंच्या वर विकू नये. हे सगळं तपासता येतं. आणि कोणी आजारी पडलंच, तर माल कुठून आला हे त्या छापील नावावरून दुपारपर्यंत कळतं, जे कारखान्याच्या लाखभर पिशव्यांबाबत इतकं सोपं नसतं.

ही सुधारणा टोकियोहून यायची वाट पाहिली तर आणखी एक पिढी जाईल. पण परवान्यासाठी खोली कशी असावी हे शेवटी प्रांत आपल्या अध्यादेशाने ठरवतात. केंद्राच्या मंत्रालयाचे निकष त्यांनी विचारात घ्यायचे असतात, शब्दशः उतरवायचे नसतात. सार्वजनिक आरोग्याचं कारण दाखवून प्रांत त्यांत फेरफार करू शकतो. म्हणजे धुरीचं खोपटं आणि त्याला लागून असलेलं गोदाम ही घरगुती उत्पादकाची खोली म्हणून धरायची, आणि राहिलेला धोका मीठ-आम्लाच्या मोजमापाने झाकायचा, हे अकिताच्या प्रांतिक सभेला स्वतःच्या अधिकारात करता येईल. ज्या सभेने या लोणच्याच्या खोल्यांसाठी अनुदान मंजूर केलं, तिने त्याच लोणच्यासाठी खोलीची व्याख्या बदलायला हरकत काय? आणि ते करायचं तर ज्या बायकांनी २०२४ मध्ये पिंपं उपडी केली, त्यांचे हात अजून चालतायत तोवर करायला हवं.